चवड्यातील अस्थिबंधांची दुखापत: निदान आणि शस्त्रक्रिया

चवडा दुखतो म्हणून आलेला रुग्ण बहुधा अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी हात लावून सांगतो, की तळव्याच्या बाजूने बुटात खडा रुतल्यासारखे वाटते, आणि बूट काढून झटकला तरी खडा काही सापडत नाही. या एका वाक्यात निदानाचा निम्मा भाग येऊन जातो. तरीही पुष्कळदा पुढे असे घडते, की साध्या एक्स-रेत काही दिसत नाही, मॉर्टन्स न्युरोमा (बोटांच्या बेचक्यातील नसेची गाठीसारखी वाढ) असावा असे ठरते, बोटांच्या बेचक्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले जाते, काही आठवडे बरे जातात आणि मग ते बोट वर उचलले जाऊन अंगठ्याकडे कलू लागते. न्युरोमा तिथे नव्हताच. फाटली होती ती सांध्याखालची प्लांटर प्लेट, आणि इंजेक्शनाने ती आणखी दुबळी झाली. हा लेख प्रामुख्याने या प्लेटविषयी आणि तिच्या बाजूच्या अस्थिबंधांविषयी आहे. अंगठ्याच्या मुळाशी होणारी तशाच प्रकारची दुखापत वेगळ्या वाटेने जाते, म्हणून तिचा विचार शेवटाकडे केला आहे. वाचक म्हणून पावलाच्या शस्त्रक्रिया नव्याने शिकणारे डॉक्टर डोळ्यांसमोर आहेत. रुग्णांनीही तो वाचावा, पण चवडा दुखण्याची कारणे अनेक असतात आणि ती हाताने तपासल्याशिवाय वेगळी करता येत नाहीत, हे लक्षात ठेवून.

रचना

प्रत्येक बोटाच्या मुळाशी मेटाटार्सल हाडाचे (पावलाच्या मधल्या लांब हाडाचे) गोल डोके आणि बोटाच्या पहिल्या पेराचा उथळ खोलगट तळ यांचा सांधा असतो. हाडांचा आकार या सांध्याला फारसे स्थैर्य देत नाही. खालून आधार देते ती प्लांटर प्लेट. ही तंतुमय कूर्चेची, सुमारे दोन सेंटिमीटर लांब आणि दोन ते पाच मिलिमीटर जाड अशी पट्टी असते. पेराच्या तळाशी ती घट्ट चिकटलेली असते, मेटाटार्सलच्या मानेशी मात्र सैलसर. दोन्ही बाजूंनी कोलॅटरल अस्थिबंध येऊन तिला मिळतात, शेजारच्या सांध्यांच्या प्लेटा आडव्या खोल अस्थिबंधाने एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि तळव्यातील प्लांटर फॅशिया या जाड तंतुमय पडद्याचे पुढचे पट्टेही तिच्यातच विलीन होतात. टाच उचलून चवड्यावर जोर देताना बोट वर वळते, ही पट्टी ताणली जाते आणि शरीराचा भार तिच्यावर येतो. फाटते ती बहुतेक वेळा जिथे घट्ट चिकटली आहे तिथेच, म्हणजे पेराच्या तळाशी, आणि त्यातही अनेकदा करंगळीकडच्या कोपऱ्यापासून.

दुसऱ्याच बोटाला हा त्रास अधिक का होतो, याचे उत्तर स्नायूंच्या मांडणीत आहे. या बोटाला वरच्या बाजूचे दोन इंटरॉसियस स्नायू (मेटाटार्सल हाडांच्या मधले लहान स्नायू) मिळतात, पण तळव्याकडचा एकही नाही. लंब्रिकल स्नायू मात्र अंगठ्याच्या बाजूने येतो. करंगळीकडचा अस्थिबंध आणि प्लेटचा तो कोपरा सुटला, की लंब्रिकलच्या ओढीला अडवणारे काही उरत नाही आणि बोट अंगठ्याकडे झुकते. पेर वर सरकल्यावर इंटरॉसियसच्या दोऱ्या (स्नायू हाडाला जोडणारे टेंडन) सांध्याच्या अक्षाच्या वर जातात आणि जे स्नायू बोट खाली वळवत होते तेच ते वर खेचू लागतात. म्हणूनच ही विकृती एकदा सुरू झाली की आपली आपण वाढत जाते. त्यात दुसरे मेटाटार्सल पहिल्यापेक्षा लांब असेल, अंगठा बाहेर वळलेला असल्याने आपला वाटा उचलत नसेल, किंवा पोटरीचा स्नायू आखडलेला असेल, तर या सांध्यावरचा भार वाढतो. शस्त्रक्रियेचा आराखडा करताना फाटलेल्या प्लेटइतकेच या कारणांकडे पाहावे लागते. नुसती प्लेट शिवून हाड तसेच लांब ठेवले, तर टाके पुन्हा त्याच भाराखाली जातात.

हाताने तपासणी

रुग्णाला आधी अनवाणी उभे करावे. दुसरे आणि तिसरे बोट यांच्यामधील फट रुंदावली आहे का, बोटाचे टोक जमिनीला टेकते का, पावलाच्या वरच्या बाजूस सांध्याभोवती सूज आहे का, हे दोन्ही पावले शेजारी ठेवून पाहावे. सुरुवातीच्या काळात एवढी सूज आणि किंचित वाढलेली फट याखेरीज डोळ्यांना काही दिसत नाही, आणि नेमकी हीच वेळ हातची जाऊ देऊ नये अशी असते.

मग रुग्णाला बसवून तळव्याकडून एका बोटाच्या टोकाने दाबत जावे. प्लेटच्या दुखापतीत सर्वाधिक दुखते ते मेटाटार्सलच्या डोक्याच्या थोडे पुढे, पेराच्या तळाखाली. न्युरोमात दुखणे दोन हाडांच्या मधल्या बेचक्यात असते, बहुधा तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मध्ये. चवडा दोन्ही बाजूंनी दाबल्यावर तिथे खट्ट असे जाणवू शकते आणि शेजारच्या दोन बोटांत मुंग्या किंवा बधिरपणा असतो. हाडाच्या मानेवर वरून दाबताना दुखत असेल तर ताणामुळे पडलेल्या बारीक फ्रॅक्चरचा विचार करावा. किशोरवयीन मुलीच्या दुसऱ्या मेटाटार्सलच्या डोक्याशी दुखत असेल तर फ्रायबर्गचा आजार (रक्तपुरवठा खुंटून हाडाचे डोके खराब होणे), अनेक सांधे एकाच वेळी सुजले असतील तर संधिवात, आणि अंगठ्याचा सांधा रातोरात लाल होऊन ठणकू लागला असेल तर गाऊट लक्षात घ्यावा.

निदानाचा कणा म्हणजे ड्रॉवर चाचणी. थॉम्पसन आणि हॅमिल्टन यांनी 1987 मध्ये तिचे वर्णन केले. एका हाताच्या अंगठ्याने व तर्जनीने मेटाटार्सलची मान पक्की धरावी. दुसऱ्या हाताने बोटाचे पहिले पेर त्याच्या तळाजवळ पकडावे आणि, बोट किंचित वर वळवलेले ठेवून, पेर सरळ वर उचलावे. इथे शिकाऊ हाताची नेहमीची चूक अशी, की पेर उचलण्याऐवजी बोट वळवले जाते; वळवल्याने कोणाचेही बोट वर येते आणि त्यावरून काहीच कळत नाही. योग्य रीतीने केले तर पेराचा तळ डोक्यावरून सरकल्याचे चिमटीत स्पष्ट समजते आणि रुग्ण ‘हेच, हेच दुखते’ असे आपणहून सांगतो. सरकणे सांध्याच्या निम्म्याहून कमी असेल तर अस्थैर्य सौम्य, निम्म्याहून अधिक असेल तर मध्यम, सांधा पूर्ण निखळवता येत असेल तर तीव्र, आणि तो आधीच निखळलेला असेल तर शेवटचा टप्पा. काहींचे सांधे जन्मतः सैल असतात, म्हणून दुसऱ्या पावलाचे तेच बोट तपासल्याशिवाय टप्पा लिहू नये.

सोबत कागदाची सोपी चाचणी करावी. सेंटिमीटरभर रुंद कागदाची पट्टी बोटाच्या टोकाखाली ठेवून उभ्या असलेल्या रुग्णाला ती दाबून धरायला सांगावे आणि ओढावी. पट्टी अलगद निघाली तर बोटाची जमिनीवरची पकड गेली आहे. शेवटी पावलाच्या नाड्या, आणि मधुमेह असेल तर दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (स्पर्श तपासण्याच्या नायलॉनच्या धाग्याने) संवेदना, ही तपासणी कधीही वगळू नये. संवेदना हरवलेल्या पावलातील सुजलेला, न दुखणारा सांधा हा वेगळा आजार आहे आणि तिथे पुढे सांगितलेली शस्त्रक्रिया लागू होत नाही.

प्रतिमा

एक्स-रे दोन्ही पावलांचे, उभे राहून भार दिलेल्या स्थितीत काढावेत. झोपून काढलेल्या एक्स-रेत बोट कलल्याचे लपून जाते. त्यात मेटाटार्सल हाडांची एकमेकांच्या तुलनेत लांबी, सांध्यातील फटीचा आकार, पेर वर सरकले आहे का आणि अंगठ्याचा कोन पाहावा. अल्ट्रासाउंडमध्ये बोट हलवून पाहता येते हा मोठा फायदा आहे, मात्र त्याचा उपयोग तपासणाऱ्याच्या सरावावर अवलंबून असतो. एमआरआयमध्ये प्लेटचा फाटलेला भाग, त्याची रुंदी आणि हाडातील सूज दिसते. दोन ठिकाणी वाचताना फसगत होते. प्लेट जिथे पेराला चिकटते तिथे मध्यभागी एक लहानशी नैसर्गिक खाच असते आणि ती चीर समजली जाते. आणि फाटलेल्या प्लेटच्या बाजूला साचलेली तंतुमय ऊती बेचक्यात गाठीसारखी दिसून तिला न्युरोमा म्हटले जाते. अहवालात न्युरोमा लिहिला असला आणि ड्रॉवर चाचणी सकारात्मक असली, तर मी चित्रे स्वतः पुन्हा पाहतो, आणि अजूनही माझा विश्वास चिमटीवर अधिक आहे.

आधी शस्त्रक्रियेविना

सौम्य अस्थैर्यात बोट किंचित खाली ओढून पट्टी बांधावी, मेटाटार्सलच्या डोक्याच्या मागे गादी लावावी आणि कडक तळाचा किंवा पुढे गोलाई असलेला बूट वापरावा. गादी डोक्याच्या बरोबर खाली लावली तर दुखणे वाढते. ती मागेच हवी. टाच उंच असलेली पादत्राणे बंद करावीत आणि पोटरीचे ताण द्यावेत. हे सारे तीन ते सहा महिने नेटाने करूनही दुखणे राहिले, बोट कलतच गेले किंवा सांधा निखळू लागला, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. सांध्यात स्टेरॉइड देण्याचे मी टाळतो, कारण सूज ओसरण्याच्या मोबदल्यात प्लेट तुटण्याचा धोका पत्करण्यासारखा नसतो.

रुग्णाशी बोलताना दोन गोष्टी आधीच सांगाव्यात. दुखणे कमी करणे आणि बोट जमिनीला टेकवणे हा शस्त्रक्रियेचा उद्देश आहे; सांधा पहिल्यासारखा लवचिक होईल असे आश्वासन देता येत नाही. आणि सूज अनेक महिने राहते. धूम्रपान चालू असेल तर ते थांबेपर्यंत तारीख देऊ नये.

प्लेटची दुरुस्ती

घोट्याच्या किंवा गुडघ्यामागच्या नर्व्ह ब्लॉकखाली (नस बधिर करून), टुर्निके (रक्तप्रवाह तात्पुरता रोखणारा पट्टा) लावून ही शस्त्रक्रिया होते. अंगठा बाहेर वळलेला असेल तर तो आधी सरळ करावा, कारण नाहीतर दुसऱ्या बोटाला परतायला जागाच नसते. छेद पावलाच्या वरच्या बाजूने, सांध्यावर तीन ते चार सेंटिमीटरचा घ्यावा, बोट वर उचलणारी दोरी बाजूला सारावी किंवा आखडली असल्यास झेड आकारात लांबवावी आणि सांध्याचे आवरण उघडावे. कोलॅटरल अस्थिबंध मोकळे करायचे ते पेराकडच्या बाजूने. मेटाटार्सलच्या डोक्याचा रक्तपुरवठा मागच्या बाजूच्या ऊतींतून येतो आणि तो जपला नाही तर डोके मृत होण्याचा धोका असतो.

आता वाइल ऑस्टिओटॉमी, म्हणजे मेटाटार्सल कापून डोके मागे सरकवण्याची क्रिया. सांध्याच्या कूर्चेच्या वरच्या कडेच्या किंचित खालून पाते घालून हाड तळव्याला समांतर असे तिरके कापावे, डोके आठ ते दहा मिलिमीटर मागे सरकवावे आणि उभ्या तारेने तात्पुरते रोखावे. दुसरी तार पेराच्या तळाजवळ घालून दोन्ही तारांवर डिस्ट्रॅक्टर बसवला की सांधा उघडतो आणि आतापर्यंत चित्रातच पाहिलेली प्लेट समोर येते. इथे घाई करू नये. निरोगी प्लेट पांढरी, चकचकीत असते. फाटलेली पिवळट, कडा विरलेली, आणि मधूनच तिच्यातून खालच्या फ्लेक्सर (बोट खाली वळवणाऱ्या) दोरीची चमक दिसते. प्लेट केवळ पातळ झाली आहे, की आडवी चीर निम्म्याहून कमी आहे, की निम्म्याहून जास्त, की उभी चीरही आहे, की ती इतकी फाटली आहे की हाडाचे डोके तिच्यातून खाली डोकावते, हे नोंदवावे. उभी चीर असेल तर ती आधी बाजूला बाजू जोडून शिवावी.

आडव्या चिरेसाठी प्लेटचा पेराला लटकणारा उरलेला भाग कापून पूर्ण मोकळा करावा, म्हणजे कडा सारखी होते. कडेपासून तीन-चार मिलिमीटर मागे, न विरघळणाऱ्या धाग्याचे दोन टाके, एक अंगठ्याकडे आणि एक करंगळीकडे, आडवे घ्यावेत. टाका घेऊन धागा ओढून पाहावा. प्लेट पुढे येत असेल तर टाका खरा. धागा चिरत येत असेल तर तो आणखी मागून घ्यावा. टाका घेताना फ्लेक्सर दोरी त्यात अडकत नाही ना, हे बोटाचे टोक हलवून तपासावे. पेराच्या तळाची खालची कड खरवडून रक्तस्राव होईल इतकी ताजी करावी, वरून खाली दीड ते दोन मिलिमीटरची दोन छिद्रे पाडावीत आणि तारेच्या फासाने प्रत्येक बाजूचे धागे आपापल्या छिद्रातून वर घ्यावेत. दोन छिद्रांमध्ये हाडाचा भरीव पूल राहायला हवा. तो फुटला तर गाठ कशावर बांधणार?

धागे आताच बांधू नयेत. आधी डिस्ट्रॅक्टर आणि तारा काढून मेटाटार्सलचे डोके पुढे आणावे, ठरवलेल्या जागी, म्हणजे साधारणपणे मूळ लांबीपेक्षा एक ते तीन मिलिमीटर आखूड, बारीक स्क्रूने बसवावे आणि वर उरलेली हाडाची टोकदार कड कापून टाकावी. मगच बोट पंधरा ते वीस अंश खाली वळवून धरावे आणि गाठी हाडाच्या पुलावर बांधाव्यात. करंगळीकडचा अस्थिबंध सैल पडला असेल तर तोही याच वेळी घट्ट करून घ्यावा. नंतर तळव्याखाली सपाट ताट दाबून उभे राहिल्यासारखी स्थिती आणावी आणि ड्रॉवर चाचणी पुन्हा करावी.

डोके किती मागे न्यायचे याबाबतीत हात आखडता ठेवावा. सुरुवातीच्या काळात माझ्या हातून एका रुग्णाचे हाड जास्त आखूड झाले. दुखणे गेले, पण बोट हवेत राहिले, आणि शेजारच्या तिसऱ्या डोक्याखाली वर्षभरात घट्टा पडला. हाड जितके आखूड करावे आणि डोके जितके खाली उतरावे, तितके बोट वर तरंगण्याकडे झुकते.

टुर्निके सोडल्यावर बोटाचा रंग पाहिल्याशिवाय टेबलापासून हलू नये. बोट पांढरे राहिले तर पट्टी सैल करावी, पाय किंचित खाली सोडावा, कोमट ओलसर कापड ठेवावे, आणि बोटातून तार घातलेली असेल व रंग परत येत नसेल तर ती काढावी. बोटापेक्षा तार महत्त्वाची नाही.

हाडाची लांबी योग्य असेल आणि फक्त प्लेट फाटलेली असेल तर तळव्याकडून छेद घेऊन ती थेट शिवता येते. त्यात हाड कापावे लागत नाही आणि प्लेट चांगली दिसते, पण छेद भाराच्या बरोबर जागी येऊ देऊ नये, नाहीतर व्रणच खड्यासारखा रुततो. शिवाय बोटाच्या दोन्ही बाजूंच्या नसा वाटेत असतात. प्लेट शिवण्याजोगी उरलीच नसेल, तर बोटाच्या टोकाची लांब फ्लेक्सर दोरी सोडवून, उभी दुभागून, पेराच्या दोन्ही बाजूंनी वर आणून शिवण्याचा जुना मार्ग उरतो. बोट खाली बसते, मात्र ताठ होते, आणि टोक वळवण्याची ताकद जाते.

अंगठ्याचा सांधा

अंगठ्याच्या मुळाशी होणाऱ्या याच दुखापतीला ‘टर्फ टो’ हे नाव बॉवर्स आणि मार्टिन यांनी 1976 मध्ये दिले. कृत्रिम गवतावर, लवचिक बूट घालून खेळणाऱ्या अमेरिकन फुटबॉलपटूंमध्ये त्यांना ती आढळली होती. टाच उचललेली, अंगठा जमिनीवर वर वळलेला आणि मागून वजन आदळलेले, अशी तिची घडण असते. पहिल्या श्रेणीत नुसता ताण, दुसरीत अर्धवट फाटणे, तिसरीत पूर्ण. इथे प्लेटच्या आत दोन सिसॅमॉइड (लहान, गोलसर) हाडे असतात, आणि तीच एक्स-रेतील साक्षीदार ठरतात: दुसऱ्या पावलाच्या तुलनेत ती मागे सरकली असतील, किंवा एकाचे तुकडे एकमेकांपासून दूर गेले असतील, तर प्लेट तुटली आहे असे समजावे.

पहिल्या दोन श्रेणी विश्रांती, पट्टी आणि कडक तळाच्या बुटाने बऱ्या होतात. सांधा अस्थिर असेल, सिसॅमॉइड मागे सरकले असतील, सांध्यात हाडाचा तुकडा अडकला असेल किंवा अंगठा बाहेर वळू लागला असेल, तर शस्त्रक्रिया करावी. छेद आतल्या बाजूने तळव्याकडे वळणारा, गरज पडल्यास बेचक्याजवळ दुसरा. अंगठ्याची आतली तळव्याकडची नस सर्वांत आधी शोधून बाजूला घ्यावी. ती कापली गेल्यास राहणारे दुखणे मूळ दुखापतीहून वाईट असते. प्लेट पेराच्या तळाशी अँकरने (हाडात रुतवलेल्या, धागा जोडलेल्या खिळीने) किंवा छिद्रांतून बांधावी, आणि सिसॅमॉइडचा तुकडा काढावा लागला तर तिथली पोकळी अ‍ॅबडक्टर हॅल्युसिस या अंगठ्याच्या स्नायूच्या दोरीने भरावी.

नंतरचे दिवस

लहान बोटाच्या दुरुस्तीनंतर कडक तळाच्या बुटात टाचेवर भार देऊन चालता येते. टाके सुमारे दोन आठवड्यांनी निघतात, आणि त्यानंतर बोट खाली वळवण्याचा व्यायाम सुरू होतो. वर वळवणे मात्र सहा आठवडे टाळावे आणि तोपर्यंत बोट खाली ओढणारी पट्टी सतत असावी. ही पट्टी बांधायला रुग्णाला किंवा घरच्या माणसाला समोर बसवून शिकवावे, कारण पुढचे सारे तीच करते. अंगठ्याच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण चार आठवडे पावलावर भार देऊ नये, खाली वळवण्याची हलकी हालचाल मात्र पहिल्या आठवड्याच्या सुमारास देखरेखीखाली सुरू करावी, आणि धावणे-उड्या तीन-चार महिन्यांपूर्वी नकोत. सहाव्या आठवड्यात उभे राहून एक्स-रे काढावा, हाड जुळल्याचे पाहावे, आणि रुग्णाला पुन्हा अनवाणी उभे करून कागदाची तीच पट्टी बोटाखाली ठेवावी. बोट अजून तरंगत असेल तर रात्रीची पट्टी आणखी काही आठवडे चालू ठेवावी आणि बोट खाली वळवण्याचे व्यायाम वाढवावेत. पट्टी ओढताना कागद फाटला, तर बोटाची पकड परत आली आहे.